हार्ड डिस्क वारंवार का थांबते?

प्रश्न : लिनक्सवरील लॅपटॉपची हार्ड डिस्क दर मिनिटाला 'टक्' असा आवाज करून विसावते. उपाय काय?
– एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : हा आवाज बहुधा चकतीवरील माहिती वाचणारे हेड वीजबचतीसाठी बाजूला घेतले जाण्याचा असतो; लॅपटॉप बॅटरीवर असताना ही बचत अनेकदा अधिक कडक होते, म्हणून पावसाळ्यात वीज गेल्यावर तो वाढू शकतो. अनेक डिस्क अशा सुमारे ६ लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात आणि रोज आठ तास, मिनिटाला एक या गतीने ती मर्यादा साडेतीन वर्षांतच गाठली जाते. 'स्मार्ट' या डिस्कच्या स्व-तपासणी नोंदीत १९३ क्रमांकाचा आकडा वेगाने वाढत असल्यास 'एचडीपार्म' आज्ञेने वीजबचतीची पातळी २५४ करावी. १२७ वा त्याहून कमी पातळीवर चकती फिरणेही थांबू शकते. मात्र डिस्क आवाजासोबत अडखळत असेल, तर प्रथम माहितीची दुसरी प्रत काढावी.