नकाशावरचा कोरा भाग

गेल्या हिवाळ्यात खाणपट्ट्यातील एका गावाहून एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. दोन महिन्यांपासून रात्रीचा कोरडा खोकला, थोडे पळाले की धाप. छातीला स्टेथोस्कोप लावला तर शिट्टीसारखा आवाज. बोलता बोलता हवेचा विषय निघाला, तशा त्या म्हणाल्या, "पेपरात प्रदूषणाच्या यादीत चंद्रपूरचं नाव होतं. आमच्या गावाचं नाव तं नाही जी. मंग हे पोरगं कायले इतकं खोकलते?"

प्रश्न साधा आहे, पण चांगल्या शिकलेल्या माणसांचीही येथेच गफलत होते. म्हणून आजच्या लेखात प्रदूषणाचे नकाशे आणि याद्या कशा वाचाव्यात, ते पाहू.

मर्यादा म्हणजे काय?

असा नकाशा तयार करताना तीन गोष्टी लागतात. पहिली, ठरवलेली मर्यादा. दुसरी, ठिकठिकाणी केलेली मोजणी. तिसरी, या दोन्हींची तुलना. जेथे मोजलेला आकडा मर्यादेपेक्षा जास्त, तेथे लाल रंग.

आपल्या देशातील सध्याची मानके नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. त्यांत बारा प्रदूषके आहेत. डॉक्टरांना सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'पीएम २.५' या सूक्ष्म कणांची. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. हे बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि दमा, दीर्घ श्वसनविकार, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढवतात.

या कणांसाठी भारतीय मर्यादा दर घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे ५. समजा, एखाद्या गावाची वार्षिक सरासरी ३५ आली. भारतीय मानकाच्या नकाशावर ते गाव हिरवे दिसेल. संघटनेच्या नकाशावर तेच गाव लाल, तेही सातपट! हवा तीच, फुप्फुसे तीच. म्हणून नकाशा पाहताना पहिला प्रश्न विचारावा : मर्यादा कोणाची धरली आहे?

तसेच दूरदर्शनवर किंवा मोबाईलवर दिसणारा हवेचा निर्देशांक म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हे. निर्देशांक १०० म्हणजे 'समाधानकारक' या गटाची वरची कड. पण निर्देशांक सूक्ष्म कणांमुळे १०० असेल, तर त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम असते. जागतिक संघटना चोवीस तासांसाठी १५ सांगते. दम्याच्या रुग्णाने 'समाधानकारक' या शब्दावर विसंबून खिशातला इन्हेलर घरी ठेवू नये, तो यासाठी.

झाडांची मर्यादा वेगळी

आपल्या मानकांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत. एक वस्ती व उद्योग यांचा, दुसरा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांचा. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा पहिल्या रकान्यात ५०, तर दुसऱ्यात फक्त २० आहे. नायट्रोजन डायऑक्साइडची अनुक्रमे ४० आणि ३०. म्हणजे माणसाला चालेल म्हणून धरलेली हवा झाडाझुडपांना चालेलच असे नाही. ज्या जिल्ह्यात एकीकडे कोळशाच्या खाणी व औष्णिक वीज केंद्र आणि दुसरीकडे ताडोबाचे जंगल आहे, तेथील वाचकांनी हा दुसरा रकाना विसरू नये.

याचे घरगुती उदाहरण तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची जोडगोळी. त्याला मुळे नसतात. जे काही घ्यायचे ते हवा आणि पावसातूनच. त्यामुळे गंधकाचा धूर वाढला की दगडफुलाच्या नाजूक जाती आधी मरतात. पॅरिसच्या एका बागेतील दगडफुलांवरून ही गोष्ट नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच नोंदवली होती. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी झाडांच्या सालीवर कोणत्या जाती उरल्या आहेत, हे पाहून इंग्लंड व वेल्समधील सल्फर डायऑक्साइडचे पट्टे ठरवले. तेथील तक्ता आपल्या कोरड्या, कडक उन्हाच्या प्रदेशाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण धडा लागू होतो. यंत्र नसेल तेथेही हवा आपली खूण ठेवून जाते.

माझा फसलेला नकाशा

काही वर्षांपूर्वी मीही असा एक उद्योग केला होता. दवाखान्याच्या भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि धाप लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घराच्या जागी लाल टाचणी टोचू लागलो. हिवाळा संपेपर्यंत एका भागात टाचण्यांची दाटी झाली. मला वाटले, शोध लागला! एका मित्राला मोठ्या ऐटीत दाखवले. तो हसून म्हणाला, "अहो, ही दाटी तुमच्या दवाखान्याभोवतीच आहे."

खरेच होते. जवळचे रुग्ण माझ्याकडे येतात, लांबचे दुसरीकडे जातात. माझा नकाशा हवेचा नव्हता, माझ्या दवाखान्याचा होता. जेथे टाचणी नव्हती तेथे आजार नव्हता असे नाही. मी तेथे पाहिलेच नव्हते.

सरकारी नकाशांनाही हाच नियम लागतो. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ अकरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. हवा मोजली गेली ती चंद्रपूर शहर, खुटाळा एमआयडीसी, घुग्घूस, बल्लारपूर, राजुरा अशा मोजक्या ठिकाणी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले. पण तो गुणांक हवा, पाणी व जमीन यांचा एकत्रित होता. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या १०२ नावांतही चंद्रपूर होते, मात्र ती यादी शहरांचीच होती. खेड्याचे नाव तिच्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. उपग्रहाच्या मदतीने कोऱ्या जागा भरता येतात, पण तो मोठ्या चौकोनाचा अंदाज असतो. तुमच्या अंगणासमोरून जाणारा कोळशाचा ट्रक आणि घरातली चूल त्यात दिसत नाही.

मग करायचे काय?

• खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला, रात्री झोपमोड होत असेल, छातीत घरघर असेल तर तपासणी करून घ्या. क्षयरोग नाही ना, हेही पाहावे लागते.

• 'इन्हेलरची सवय लागते' हा गैरसमज आहे. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नका.

• हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूर तिच्यात अडकतो. धाप लागणाऱ्यांनी फिरायला ऊन पडल्यावर जावे.

• तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, सूक्ष्म कण नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

• गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघत नाही. गूळ जठरात जातो, फुप्फुसात नाही.

• चूल शक्यतो झोपण्याच्या खोलीत नको. अंगणातला कचरा व प्लॅस्टिक जाळू नका.

• घरात रुग्ण असेल तर 'खोकल्याची वही' ठेवा. तारीख, रात्री किती वेळा उठला, त्या दिवशी धूर-धूळ कशाची होती, एवढेच लिहा.

त्या मुलाला दमा होता. दम्याचे कारण क्वचितच एक असते. आनुवंशिकता, सर्दी, धूर, धूळ या सगळ्यांचा वाटा असतो. आता तो औषधावर आहे आणि शाळेच्या मैदानात पळतो. वही त्याची आई लिहिते. चूल त्यांनी पडवीत हलवली. घरासमोरचा रस्ता मात्र त्यांना हलवता येण्यासारखा नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले, "बाई, तुमच्या गावाचं नाव यादीत नाही, कारण तुमच्या गावाची हवा कोणी मोजलेली नाही." पुढचे काम ग्रामसभेचे. हवा मोजण्याची मागणी करणारा ठराव करून तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्यावा. अशा चार वह्या सोबत जोडल्या, तर त्या ठरावाला वजन येईल.