पाक जमला, रम फसली

घरच्या घरी दारू गाळायला कायद्याने मुभा देणारे देश अगदी मोजके. न्यूझीलंड त्यांपैकी एक. 1996 च्या कायद्यापासून तिथे स्वतःपुरती दारू गाळणं हा गुन्हा राहिला नाही. विकायची म्हटली तर मात्र परवाना आणि शुल्क चुकत नाही. छोट्या भट्ट्या, यीस्टची पाकिटं, हायड्रोमीटर, सगळं उघडपणे दुकानात मिळतं. सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी ऑकलंडला गेलेल्या एका मराठी अभियंत्याने या मुभेचा फायदा घेऊन रम करायला घेतली, आणि त्याचा जीव अडकला तो साखरेच्या पाकात.

लहानपण गुऱ्हाळाच्या आसपास गेलेलं. काहिलीत उकळणारा रस, तो निवळायला घातलेलं भेंडीचं पाणी, काकवी कधी काढायची आणि गूळ कधी उतरवायचा याची म्हाताऱ्यांची पारख, हे सगळं पाहत तो मोठा झाला. ऑकलंडमध्येही साखर परकी नव्हती. बर्कनहेडच्या किनाऱ्यावर चेल्सीचा साखर कारखाना 1884 पासून उभा आहे आणि त्याचं गोल्डन सिरप तिथल्या घराघरांत असतं. रम होते ती मळीची नाहीतर उसाच्या रसाची. तेव्हा पाक जितका उत्तम तितकी रम उत्तम, असा त्याचा साधा हिशोब. हा हिशोब दोनदा चुकला. आंबवताना चुकला तेव्हा साखर वाया गेली. बाटली भरताना चुकला तेव्हा माणसाला इजा झाली.

आंबवण्याची गोष्ट आधी. लाडवाचा पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लिंबातल्या आम्लाने साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग तिचे खडे धरत नाहीत. यीस्टलाही ही फोडलेली साखर सोपी जाते असं त्याच्या वाचनात आलं होतं. त्याने साखर, गोल्डन सिरप आणि लिंबाचा रस मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर तासन् तास आटवलं. पाक देखणा झाला. रंग तांबूस, चकाकी आरशासारखी, बशीत टाकलेला थेंब जागचा हलत नव्हता. पाणी घालून, निववून त्याने त्यात यीस्ट सोडलं. सुरुवातीला बुडबुडे आले, मग वेग मंदावला, मग सगळं थंड. चाखून पाहिलं तर गोडमिट्ट.

साखर फोडण्याचं काम यीस्ट स्वतःच करतं. त्यासाठी लागणारं इन्व्हर्टेज नावाचं विकर त्याच्यापाशी असतंच. आपण आम्ल घालून तासन् तास उकळतो तेव्हा मदत होत नाही, उलट हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते यीस्टला बाधतं. शिवाय साखर जितकी करपवावी तितका तिचा जास्त भाग यीस्टला खाता येत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही सगळी कसोटी माणसाच्या जिभेची आणि लाडवाची. यीस्टसाठी साखर गरम पाण्यात विरघळली आणि पाणी तीस अंशांच्या आसपास निवलं की पुरे.

पाकाचं प्रमाण हा पुढचा फास. ढोबळ हिशोब असा की लिटरभर पाण्यात सुमारे 17 ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का मद्यार्क. वीस लिटरच्या पिंपात साडेतीन किलोच्या आतबाहेर साखर घातली तर दहा टक्के मिळतो, आणि यीस्ट तो बिनबोभाट देतं. आपल्या या गृहस्थाने हावेपोटी सात किलो घातली. कागदावर वीस टक्के दिसत होते. प्रत्यक्षात इतक्या दाट पाकात यीस्टच्या पेशींतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. लोणच्यात आणि मुरांब्यात जंतू वाढत नाहीत ते याच कारणाने. जे टिकवण्याचं तंत्र आहे तेच आंबवण्यासाठी वापरल्यासारखं झालं.

पांढऱ्या साखरेचा आणखी एक दोष आहे, तो तिच्या शुद्धपणाचा. तिच्यात यीस्टला लागणारा नायट्रोजन नाही, खनिजं नाहीत. यीस्ट आम्ल सोडत जातं आणि ते सावरून धरणारं पाण्यात काहीच नसतं. सामू तीनच्या खाली घसरला की काम थांबतं. सामूची पट्टी रोज बुडवून पाहणं आणि घसरण दिसली की थोडं कॅल्शियम कार्बोनेट घालणं, एवढ्याने हे टळतं. नायट्रोजनसाठी डायअमोनियम फॉस्फेट दुकानात मिळतं. आपल्याकडची हातभट्टी गुळाच्या रसायनात नवसागर घालत आली, त्यामागेही यीस्टला नायट्रोजन पोचवण्याचीच गरज होती.

मळीत खनिजं भरपूर असतात, चवही तिथेच असते. पण किलोभर मळीत साखर निम्मीच धरावी. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातली स्वस्त मळी घेण्याआधी डब्यावरचं बारीक अक्षर वाचायलाच हवं, कारण तिच्यात कधी युरिया मिसळलेला असतो, कधी बुरशी रोखणारी द्रव्यं. काकवीचंही तसंच. भारतीय किराणा दुकानातून त्याने हौसेने काकवीची बाटली आणली. ती टिकावी म्हणून तिच्यात सोडियम बेंझोएट होतं. ते यीस्टलाच आवरण्यासाठी घालतात, मग ती आंबेल कशी? गुळाचा रंग पिवळाधमक असेल तर बहुतेक वेळा तो गंधकयुक्त पावडरीने उजळवलेला असतो. असा गूळ आंबवला की कुजक्या अंड्याचा वास येतो आणि तो भट्टीतूनही पुढे सरकतो. काळपट, ओबडधोबड, बाजारात मागे पडणारा गूळ रमसाठी केव्हाही सरस.

इथवरची चूक पैशापुरती आणि वेळेपुरती होती. पुढची तशी नव्हती.

गावाकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, अशी समजूत अजून आहे. भट्टीतून सुरुवातीला उतरणाऱ्या भागात अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट एकवटलेले असतात. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो तो त्यांचाच. हा भाग टाकून द्यायचा असतो. शेवटी शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास असलेला जड भाग येतो, तोही वेगळा काढायचा असतो. आधीच रम थोडी उतरली होती, त्यामुळे या गृहस्थाच्या जिवावर आलं. दोन्हीकडचं थोडं थोडं त्याने राखलं आणि वरून जाड पाक घातला. वास दबला, घसा सुखावला. “पाक घातला नसता तर पहिल्या घोटालाच ती मी मोरीत ओतली असती,” असं तो आता सांगतो. साखरेची खरी भीती ही आहे. दारूतलं वाईट ती काढत नाही, फक्त त्याची वर्दी जिभेपर्यंत पोचू देत नाही.

जिभेसारखंच ती मोजमापालाही फसवते. हायड्रोमीटर मोजतो ती द्रवाची घनता. मद्यार्क पाण्याहून हलका, म्हणून दारू जितकी कडक तितका काटा खोल बुडतो. साखर द्रव जड करते आणि काटा वर तरंगतो. लिटरमागे 20 ग्रॅम साखर असली तरी चाळीस टक्क्यांची रम मोजणीत चार-पाच टक्क्यांनी हलकी दिसते. फिनलंडचं आल्को आणि स्वीडनचं सिस्टेमबोलागेट ही सरकारी मद्यविक्री मंडळं रममधली साखर तपासून जाहीर करतात, आणि जगभरचे हौशी लोक साधा हायड्रोमीटर बुडवून छापील टक्के आणि दिसणारे टक्के यांतल्या फरकावरून बाटलीत किती साखर दडली आहे याचा अंदाज बांधतात. युरोपीय संघाने 2019 च्या नियमांत रमसाठी लिटरमागे 20 ग्रॅमची मर्यादा घातली आहे. जमैकाच्या नोंदणीकृत रममध्ये तर साखर घालायचीच नाही.

त्याने पन्नास टक्क्यांची रम घेतली, लिटरमागे पन्नासेक ग्रॅम साखर जाईल इतका पाक घातला आणि मग मोजलं. काटा चाळिशीच्या खाली थांबला. रम सौम्य आहे असं समजून त्यात पाणी घातलंच नाही. प्रत्यक्षात मद्यार्क 45 टक्क्यांच्या पुढे होता. संध्याकाळी मित्रमंडळी जमली. गोड, मऊ, घशाला न लागणारी रम. “अरे, ही तर सरबतासारखी आहे,” म्हणत पेले भरत गेले. रात्री एक पाहुणा जिन्यावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. गाडी चालवायला कोणी बसलं नव्हतं हे नशीब. तिथे रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे, आणि ‘सौम्य’ म्हणून घेतलेल्या त्या पेल्यांनी ती कधीच ओलांडली असणार.

त्या रात्रीनंतर त्याने क्रम बदलला, आणि घरी रम करणाऱ्या प्रत्येकाने तो तसाच ठेवावा. आधी पाणी घालून रम हवी तितकी सौम्य करायची. साखरेचा कणही पडण्यापूर्वी, वीस अंश तापमानाला हायड्रोमीटर बुडवून मोजायची. तो आकडा बाटलीवर लिहायचा. पाक त्यानंतर, मापाने. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी वजनाने घेतलेला पाक असेल, तर 15 मिलिलिटरमध्ये साधारण 13 ग्रॅम साखर असते. 42 टक्क्यांच्या 700 मिलिलिटर रममध्ये एवढा पाक घातला की लिटरमागे अठरा-एकोणीस ग्रॅम साखर होते आणि मद्यार्क 41 च्या आसपास राहतो. हे गणिताने काढायचं: 700 गुणिले 42, भागिले 715. पाक पडल्यावर काट्याला पुन्हा विचारायचं नाही.

पाक कडक दारूत सरळ ओतला तरी घोटाळा होतो. साखर मद्यार्कात नीट विरघळत नाही. साठ-सत्तर टक्क्यांच्या दारूत जाड पाक टाकला तर खडे तळाशी बसतात. गुळाच्या पाकातले डिंकासारखे पदार्थ दारू लागताच फुटतात आणि रम गढूळ दिसते. ती बिघडलेली नसते. चार-आठ दिवस उभी ठेवून वरची निवळ हलकेच ओतून घ्यायची. आणि पाक पातेल्यात असताना त्याच्याशी सलगी नको: एकतारी पाक शंभर अंशांच्या वर असतो, कातडीला चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा.

भांड्यांची हेळसांड तर पाकाने अजिबातच झाकू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये 1723 साली रम गाळताना शिशाची टोपणं आणि नळ्या वापरायला कायद्याने बंदी घातली, कारण न्यू इंग्लंडची रम पिणाऱ्यांना पोटात असह्य कळा येत आणि हातपाय लुळे पडत. बेंजामिन फ्रँकलिनने 1786 च्या एका पत्रात, लहानपणी बॉस्टनमध्ये ऐकलेली आठवण म्हणून, हे सगळं सांगितलं आहे. आजही जुना मोटारीचा रेडिएटर थंड करायला वापरणारे लोक तेच शिसं पितात. शिशाला वास नसतो.

मिथेनॉलची भीती लोकांना पाकाबद्दल वाटते, पण ती तिथली नाही. साखरेपासून आणि मळीपासून आंबवलेल्या पाण्यात मिथेनॉल जवळजवळ होत नाही. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं दगावली ती विकणाऱ्यांनी दारू म्हणून मिथेनॉल पाजल्यामुळे. कुणी बाटली कुठून आणली हे सांगू शकत नसेल, तर ती गोड आहे, स्वच्छ आहे, ओळखीच्या माणसाची आहे, यातल्या कशालाही अर्थ नाही. पिऊन दिसायला धूसर झालं तर झोपून उतरायची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

महाराष्ट्रात घरी भट्टी लावणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो करू नये. पाकाची हौस मात्र दुकानातल्या सीलबंद रमवरही पुरी होते, पिण्याचं वय आणि परवाना या अटी पाळून. काळ्या गुळाचा पाक गाळून घ्यावा, त्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि संत्र्याची पातळ साल टाकून निववावा. लवंग दुसऱ्या दिवशी काढलीच पाहिजे, नाहीतर तोंड बधिर होईपर्यंत तिचीच चव राहते. साल पांढऱ्या भागासकट पडली तर कडवटपणा येतो. हा पाक फ्रीजमध्ये ठेवावा, बुरशीचा ठिपका दिसला की सगळाच फेकावा, आणि पेल्यात चमच्याने मोजून घालावा; बाटलीवर छापलेल्या टक्क्यांत पाकाने फारसा फरक पडत नाही, तेव्हा पेग पूर्वीइतकाच लहान असू द्यावा.