वैरण, वजन आणि विमान

विमानात मी कधी बसलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलाही मी पहिलाच. तरीही हा विषय घेतला, कारण भूगोलाच्या तासाला आम्ही पृथ्वीगोलावर दोरा ताणून सिडनी ते लंडन हे अंतर मोजले. ते सुमारे १७,००० किलोमीटर भरले. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. तेव्हा पृथ्वीच्या पाठीवरची कोणतीही दोन शहरे सरळ मार्गाने सुमारे २०,००० किलोमीटरहून अधिक दूर असूच शकत नाहीत. त्या मर्यादेच्या हा प्रवास किती जवळ जातो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

१ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघाले. त्यात २९ प्रवासी व ११ कर्मचारी होते. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोली असे थांबे घेत ते चार दिवसांनी पोचले. पुढे मार्च २०१८ मध्ये याच कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थहून लंडनला थेट विमानसेवा सुरू केली. अंतर १४,४९८ किलोमीटर, वेळ सुमारे १७ तास, वाटेत थांबा नाही.

मग इतकी वर्षे अडचण कोणती होती? सुटीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी हेच विचारले, "तेल जास्त भरलं की झालं, त्यात काय अवघड?" पुस्तकातली वाक्ये सांगून पाहिली, पण ती त्यांना पटेनात. शेवटी म्हणालो, "तात्या, बैलगाडीनं लांबच्या बाजाराला जाताना वैरण बरोबर घ्यावी लागते. वाट जितकी लांब, तितकी वैरण जास्त. आणि ती वैरणही बैलांनीच ओढायची." पर्थहून उडणाऱ्या बोइंग ७८७-९ विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे २५४ टन असते आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले सुमारे १०० टन नुसते इंधनच! म्हणूनच हलके सांगाडे व कमी इंधन खाणारी इंजिने तयार झाल्यावरच असे प्रवास परवडू लागले.

तात्या क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग वैरण संपत येईल तशी गाडी हलकी होत असंल. इमानबी पुढं हलकंच होत असंल की."

मी गप्प झालो. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कॉलेजात परतल्यावर ग्रंथालयात शोधले. तात्यांचे म्हणणे खरे होते. इंधन जळून विमान हलके होते, तसे वैमानिक ते टप्प्याटप्प्याने अधिक उंचीवर नेतात. तिथे हवा विरळ असल्याने इंधन वाचते.

तात्यांची शाळा चौथीत सुटली. हा लेख छापून आल्यावर मी त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यातला निम्मा त्यांचाच आहे.