पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड : फळ्यांची तुलना आणि कीडव्यवस्थापनाचा धागा

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील एका आप्ताच्या सदनिकेत काही काळापूर्वी जाण्याचा योग आला. स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट तळाशी फुगले होते आणि त्याच्या मागील बाजूस मातीची बारीक नळी वर चढलेली होती. यजमानांना ते सुताराचे निकृष्ट काम वाटले. प्रत्यक्षात दोष सुताराच्या कौशल्याचा नव्हता, तर ओल्या जागी पार्टिकल बोर्ड वापरल्याचा होता. मातीची नळी वाळवीची होती. तेथील असंख्य सदनिका व कार्यालयांतील कपाटे आणि मेजे याच प्रकारच्या फळ्यांची असतात. या फळ्यांचा एक संभाव्य कच्चा माल आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीच्या शेतात उभा असतो. म्हणून हा विषय विस्तार कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

फळ्यांचे प्रकार

प्लायवूड : लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, तंतूंची दिशा आलटून पालटून चिकटवले जातात. त्यामुळे फळी दोन्ही दिशांनी बळकट होते. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायवूडचे, तर आयएस ७१० हे मरिन प्लायवूडचे मानक आहे. ओल्या जागेसाठी दुसरे अधिक योग्य.

ब्लॉक बोर्ड (आयएस १६५९) : मध्यभागी लाकडाच्या पट्ट्या व दोन्ही बाजूंस पापुद्रे असतात. लांब फळ्या व दारे यांसाठी उपयुक्त.

एमडीएफ (आयएस १२४०६) : लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यासह दाबून केलेली एकसंध फळी. पृष्ठभाग गुळगुळीत, कोरीव काम व रंगकामास उत्तम. परंतु वजनाने जड आणि साध्या प्रतीची पाण्याने फुगणारी.

पार्टिकल बोर्ड (आयएस ३०८७) : लाकडाच्या किंवा अन्य काष्ठमय वनस्पतींच्या कणांपासून तयार होतो. बहुधा तीन थर असतात : बाहेर बारीक कण, आत जाड कण. किंमत सर्वांत कमी. मात्र स्क्रूची पकड, विशेषतः कडेला, दुबळी आणि ओलाव्यापुढे टिकाव कमी.

कीटकांच्या दृष्टीने तुलना

वाळवीचे अन्न सेल्युलोज आहे आणि ते या चारही फळ्यांत असते. त्यामुळे ‘एमडीएफला वाळवी लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. भुंगेऱ्यांचे गणित वेगळे असते. लायक्टस जातीच्या भुंगेऱ्याची मादी रुंदपर्णी वृक्षांच्या पिष्टमययुक्त कोवळ्या लाकडाच्या सूक्ष्म नलिकांत अंडी घालते. प्लायवूडच्या पापुद्र्यांत व ब्लॉक बोर्डच्या पट्ट्यांत या नलिका शाबूत राहतात, म्हणून तेथे पिठासारखा भुसा व बारीक छिद्रे आढळतात. एमडीएफ व पार्टिकल बोर्डमध्ये त्या मोडून गेलेल्या असल्याने हा उपद्रव क्वचितच दिसतो. म्हणजेच स्वस्त फळी प्रत्येक किडीस अधिक बळी पडते, असे नाही.

पऱ्हाटीचा प्रश्न

वेचणीनंतर हेक्टरी सुमारे २ ते ३ टन पऱ्हाटी उरते. ती बहुधा जाळली जाते किंवा सरपणासाठी बांधावर रचली जाते. हा ढीगच गुलाबी बोंडअळीचा आश्रय होय. हंगामाच्या अखेरीस अळी उरलेल्या किडक्या बोंडांत, पुष्कळदा दोन सरक्या एकमेकींस जोडून, सुप्तावस्थेत जाते आणि पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने या किडीचा मोठा फटका सोसला आहे.

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. पऱ्हाटीचे तुकडे करणे, ते दळून चाळणे, वाळवणे, चिकटद्रव्य मिसळणे, थर रचणे आणि उष्ण दाबयंत्रात दाबणे, असे त्याचे टप्पे आहेत. या प्रक्रियेत कोणतीही अळी जिवंत राहू शकत नाही. ज्या अवशेषामुळे कीड टिकते, त्यालाच किंमत मिळाली तर शेत वेळेवर मोकळे करण्यास शेतकऱ्यास कारण मिळते.

मात्र येथे एक धोका लक्षात ठेवावा. कारखान्याच्या प्रतीक्षेत पऱ्हाटी एप्रिल-मेपर्यंत रचून ठेवली, तर किडीचा आश्रय शेतातून कारखान्याच्या आवारात हलतो, एवढेच. पतंगांना सीमा नसते.

शिफारशी

१. फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर किंवा शक्य तितक्या लवकर पऱ्हाटी मुळासकट उपटावी.

२. उपटण्यापूर्वी किडकी व न उमललेली बोंडे वेचून नष्ट करावीत. ती पऱ्हाटीसोबत वाहून नेऊ नयेत.

३. शेतातच किंवा गावपातळीवर तुकडे करावेत. अखंड पऱ्हाटी जागा फार व्यापते, त्यामुळे वाहतूक परवडत नाही. तुकडे केल्यास एका खेपेत अधिक माल जातो. हे काम शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजारे बँकेमार्फत करणे सोयीचे.

४. खरेदीदार निश्चित नसल्यास साठा करू नये. श्रेडरने बारीक करून ती जमिनीत गाडावी किंवा कंपोस्टसाठी वापरावी.

५. घरासाठी फळी घेताना जागा पाहावी. सिंकखाली, न्हाणीघरालगत व ओल येणाऱ्या भिंतीस पार्टिकल बोर्ड टाळावा. कोरड्या जागी तो पुरेसा आहे. कापलेल्या कडा पट्टी लावून बंद कराव्यात. बंदिस्त खोल्यांसाठी फॉर्माल्डिहाइडचे उत्सर्जन कमी असलेली ‘ई-१’ श्रेणीची फळी मागावी.

६. वाळवी प्रामुख्याने जमिनीतून येते. फळी बदलण्यापूर्वी ओल थांबवावी आणि पायाभोवतीच्या मातीची वाळवीरोधक प्रक्रिया आयएस ६३१३ नुसार करून घ्यावी. ते न केल्यास नव्या कपाटाचीही तीच गत होईल.

शहरातील कपाट आणि गावातील पऱ्हाटीचा ढीग या दोन्ही ठिकाणी कीटक एकच गोष्ट शोधत असतो : दुर्लक्षित राहिलेले काष्ठ. विस्तार कार्यकर्त्यांनी या हंगामात वेचणीच्या शेवटच्या फेरीपूर्वीच गावात पऱ्हाटीच्या विल्हेवाटीचे नियोजन मांडावे. जानेवारीनंतर केलेली चर्चा पुढील वर्षीच्या बोंडाला वाचवू शकत नाही.