सांगणे म्हणजे चहाडी नव्हे



मे महिन्याच्या सुट्टीत मी कोल्हापूरला मामांकडे गेलो होतो. त्यांचे घर मंगळवार पेठेत आहे. मिरजकर तिकटीपासून थोडे चालले की खासबाग मैदान लागते. राजर्षी शाहू महाराजांनी ते कुस्त्यांसाठी बांधून घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. मधे हौदा आहे आणि बसायची जागा चारी बाजूंनी चढत गेली आहे. त्यामुळे कुठेही बसा, कुस्ती नीट दिसते.

कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी आहेत. तालमीत जोर, बैठका, कुस्ती हे असतेच, पण कित्येक तालमींचे फुटबॉलचे संघही आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पोरे ओरडून ओरडून घसा बसवतात.

माझा मामेभाऊ बारा वर्षांचा आहे. मी त्याला दादा म्हणतो. तो एका मंडळात फुटबॉल शिकायला जायचा. मंडळाचे नाव मी लिहीत नाही. मामा म्हणाले, "नाव नको, गोष्ट लिही. ती कुठल्याही मैदानावर घडंल."

रोज सकाळी मामी उठवायला आली की दादाचे पोट दुखायचे. मामी म्हणायची, "आळस शिरलाय ह्याच्यात." एका रात्री गच्चीवर झोपलो असताना दादाने मला खरे सांगितले. मोठी पोरे बारक्यांकडून बूट पुसून घेत. चेंडू चुकला की टाळक्यात मारत. दादाला त्यांनी घाणेरडे नाव पाडले होते. एकदा तर त्याला कपडे बदलायच्या खोलीत कोंडले आणि बाहेर हसत बसले. "सरांना सांगितलंस तर टीममधून बाहेर," अशी धमकीही दिली. दादा मला म्हणाला, "कुणाला सांगू नगंस." मी गळ्याशपथ घेतली.

दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. शपथ मोडली तर दादाचे वाईट होईल असे वाटे. तिसऱ्या दिवशी त्याच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. मग माझ्याने राहवेना. मी आजीला सगळे सांगून टाकले. आजी तांदूळ निवडत होती. ती थांबली आणि म्हणाली, "आरं, त्रास झाकायची शपथ मोडली तर पाप लागत न्हाई. ही चहाडी न्हवं, ही राखण हाय. ताकद बारक्याला राखायला असती, रगडायला न्हाई."

मामा आणखी दोन पालकांना घेऊन मंडळात गेले. भांडले नाहीत. शांतपणे बोलले. सर उशिरा यायचे, म्हणून त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. आता लहान मुलांची वेळ वेगळी केली आहे. खोलीची बाहेरची कडी काढून टाकली आहे. रोज एक पालक मैदानावर बसतो. त्रास देणाऱ्या मुलांना त्यांच्या आईवडिलांसमोर समज दिली. दादा मात्र माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने बूट घातले आणि म्हणाला, "चल, चेंडू आणून द्यायला."

शाळा सुरू झाल्यावर मी हे आमच्या बाईंना सांगितले. त्यांनी वर्गात पुढील माहिती दिली.

त्रास म्हणजे फक्त मार नव्हे. जातीवरून, रंगावरून, अंगावरून चिडवणे, पैसे मागणे, कोंडणे, नको तिथे हात लावणे, कपडे बदलताना मोबाईलवर फोटो काढणे, हा सगळा त्रासच आहे. तो मुलींना होतो तसा मुलांनाही होतो.

अठरा वर्षांखालील मुलामुलींचे लैंगिक छळापासून रक्षण करण्यासाठी पॉक्सो कायदा आहे. तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, लागू झाला. असा प्रकार कळल्यावर मोठ्या माणसांनी गप्प बसणे हाही त्यात गुन्हा आहे. नोकरीच्या जागी स्त्रियांचा छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. त्यात खेळाच्या संस्था आणि मैदानेही धरली आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक या नामवंत कुस्तीगीर दिल्लीला जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या. महिला कुस्तीगीरांचा छळ होतो अशी त्यांची तक्रार होती. पुढे ते प्रकरण कोर्टात गेले. साक्षी मलिक यांनी २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आहे. एवढ्या बलवान माणसांनाही सांगावे लागते. मग आपण का लाजायचे?

लक्षात ठेवा :

१. कुणी त्रास दिला तर मोठ्याने "नको" म्हणा आणि तिथून निघून या.

२. आई, वडील, आजी, बाई, गुरुजी, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा.

३. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. तो रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत.

४. मित्राला त्रास होताना बघून हसू नका. हसणाराही त्रास देणाऱ्याला सामील होतो.

५. आपण मोठे झालो की बारक्यांना त्रास द्यायचा नाही.

पालकहो, तुमचे मूल एकाएकी खेळायला जायला नको म्हणाले, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. आधी जवळ घेऊन विचारा. मामी आता तसेच करते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी