वजीर देण्याआधी

सांगली

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि सोबतचं कोडं मिळालं. "वजिरानं एच७ मारायचं, राजानं वजीर घेतला की घोड्यानं शह, मग मात होतेच," एवढं लिहून खाली तू दोन ठळक रेघा मारल्या आहेस. पहिली खेळी अचूक आहे. ती तुला कुणी न सांगता सुचली, याचा मला फार आनंद झाला. पण "मग मात होतेच" हे उत्तर मी मान्य करणार नाही. वजीर गेल्यावर पांढऱ्याकडे परतीची वाट उरत नाही, म्हणून शेवटच्या घरापर्यंतचा हिशेब आधी हातात हवा. त्याबद्दलच आज सविस्तर लिहितो.

हे कोडं कुणी टेबलाशी बसून रचलेलं नाही. हा खरा डाव आहे, लंडनमध्ये १९१२ साली खेळलेला. पांढरी मोहरी एडवर्ड लास्करची, काळी जॉर्ज टॉमसची. हा लास्कर म्हणजे जगज्जेता इमॅन्युएल लास्कर नव्हे. पुस्तकं वाचताना या दोघांची गल्लत करू नकोस. एडवर्ड पेशानं इंजिनिअर, तेव्हा नुकतीच पंचविशी ओलांडलेला.

आता पट मांड. पांढऱ्याचा वजीर एच५वर, घोडे ई४ आणि ई५वर, उंट डी३वर, राजा ई१वरच आणि हत्ती दोन्ही कोपऱ्यांत. प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा कॅसलिंग करून जी८वर, हत्ती ए८ आणि एफ८वर, वजीर ई७वर, उंट बी७ आणि एफ६वर, घोडा अजून बी८वरच. प्यादी ए७, बी६, सी७, डी७, ई६, जी७, एच७. अकरावी खेळी पांढऱ्याची आहे.

कोणताही चांगला खेळाडू इथं आधी घोड्यानं एफ६चा उंट मारून शह द्यायचा विचार करील, कारण ती खेळी दिसायला सरळ आणि बिनधोक आहे. काळा जी७च्या प्याद्यानं घोडा घेईल, मग वजिरानं एच७ मारून मात, असं वाटतं. पण जी७चं प्यादं बाजूला सरकलं की ई७वरच्या काळ्या वजिराला सातव्या ओळीत थेट एच७पर्यंत रस्ता मोकळा होतो, आणि तो एच७वर आपला वजीर घेतो, मात होत नाही. काळ्याचा वजीर ई७वर आहे तो याच कामासाठी. आता क्रम उलटा कर. आधी वजिरानं एच७ मार. काळ्याला राजानं वजीर घेण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी एकही नियमात बसणारी खेळी त्याच्याकडे नाही, हे स्वतः तपासून बघ. मग ई४चा घोडा एफ६चा उंट मारतो. घोड्याचा शह बसतोच, शिवाय घोडा हलल्यामुळे डी३च्या उंटाचाही शह उघडतो. दुहेरी शहात मधे मोहरं घालता येत नाही आणि शह देणारं एक मोहरं मारूनही भागत नाही. राजालाच हलावं लागतं. म्हणून मघाशी घोडा घेणारं जी७चं प्यादं आता नुसतं बघत राहतं. खेळ्या त्याच दोन, फक्त पुढच्या-मागच्या झाल्या, आणि एका क्रमात डाव हातचा जातो तर दुसऱ्यात जिंकला जातो. या एका जागेवर तू निदान अर्धा तास घालवावास असं मला वाटतं.

तुझं उत्तर इथं संपलं होतं. राजाला अजून दोन घरं आहेत. तो एच८वर गेला तर दुसरा घोडा जी६वर येऊन तिथल्या तिथे मात. त्या घोड्याला उंटाचा जोर आहे, आणि त्याला मारायला एच-प्यादं जागेवर नाही, कारण आपल्या वजिरानं ते आधीच खाल्लं आहे. काळ्याला हे दिसतं, म्हणून तो एच६वर जातो. इथून पुढे त्याच्याकडे प्रत्येक वेळी एकच खेळी उरते. ई५चा घोडा जी४वर, शह, राजा जी५वर. एच-प्यादं दोन घरं पुढे, शह, राजा एफ४वर. जी-प्यादं एक घर पुढे, शह, राजा एफ३वर. उंट मागे ई२वर, शह; राजा जी२वर. हत्ती एच२वर, शह, राजा जी१वर. आणि अठराव्या खेळीला पांढरा राजा ई१वरून डी२वर सरकतो, ए१च्या हत्तीची ओळ उघडते, मात. जी८वर कॅसलिंग करून बसलेला काळा राजा पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, जी१वर येऊन मेला. बुद्धिबळात मी पाहिलेल्या सुंदर गोष्टींत याचा नंबर फार वरचा आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो हत्ती एच२वर ठेवताना मला भरून येतं.

ही सगळी वाट कोणी आखून दिली? पांढऱ्याच्या प्रत्येक खेळीबरोबर राजाची बाकीची घरं आधीच बंद झालेली आहेत. राजा एच६वर असताना एच५वर एफ६च्या घोड्याचा पहारा आहे, जी६ आणि एच७वर उंटाची नजर आहे. पुढे तो जी५वर आला की एफ५ उंटाकडे, एच६ जी४च्या घोड्याकडे. प्रत्येक पावलाला अशी घरं मोजत जा. शह देणं सोपं असतं. शह दिल्यावर राजाला कुठली घरं उरतात ते मोजणं, ही कोडं सोडवण्यातली खरी मेहनत.

तुला उंट देऊन एच७ फोडायची हौस आहे, ते तुझ्या मागच्या डावांवरून दिसतं. ती युक्ती जुनी आहे, सतराव्या शतकातल्या इटालियन ग्रेकोच्या हस्तलिखितांत ती सापडते. पण तिथं उंट घेऊन झाल्यावर घोडा जी५वर शह देतो, तेव्हा राजा जी६वर बाहेर आला तर काय, हा प्रश्न निम्म्या मुलांनी विचारलेलाच नसतो. शाळेच्या स्पर्धेत समोरचा घाबरून जी८वर परत जातो, आपण जिंकतो आणि सवय बिघडते. काळ्याच्या बाजूनं सगळ्यात चिवट खेळी शोधायचं काम तुझं आहे. पटापलीकडे बसलेल्याच्या चुकीवर बेत आखायचा नाही. कोडं सोडवताना तर त्याचं उत्तम उत्तर तूच त्याच्या वतीनं द्यायचं.

आणखी एक. पुस्तकातल्या कोड्याखाली "पांढऱ्याची खेळी आणि विजय" असं छापलेलं असतं. ही फार मोठी मदत आहे, आणि डावात ती कुणी करत नाही. मग डावात वजिराचा बळी शोधायची वेळ कधी आली हे ओळखायचं कसं? मी अशा वेळी राजाभोवती कोण उरलंय ते पाहतो. या डावात एफ६ला काळ्याचा घोडा नाही, पाचव्या खेळीतच लास्करनं उंट देऊन तो उचलला होता. एच७ राखणारा सगळ्यात भरवशाचा पहारेकरी तोच असतो. काळ्याचा बी८चा घोडा आणि ए८चा हत्ती अजून घरातून निघालेले नाहीत. उलट पांढऱ्याची चार मोहरी राजाकडे तोंड करून उभी आहेत. एवढं दिसलं की थांबायचं, घड्याळातली मिनिटं खर्चायची, आणि शहाची प्रत्येक खेळी, अगदी वेडगळ वाटणारीसुद्धा, तपासायची. हे नसेल तर निमूट मोहरी बाहेर काढत राहावं. रोज वजीर द्यावासा वाटणाऱ्या मुलांचे डाव मी सांगलीत पुष्कळ पाहिलेत. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात बुद्धिबळ रुजवलं, तिथं आजही जुने खेळाडू आधी "मोहरी काढलीस का?" असंच विचारतात. त्यांचं बरोबर आहे.

हरणाऱ्याबद्दलही तुला माहीत असावं. हा जॉर्ज टॉमस पुढे सर जॉर्ज टॉमस झाला, १९२३ आणि १९३४ साली ब्रिटनचा विजेता ठरला, आणि १९३४-३५च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांका आणि बोटविनिक या दोघांना हरवलं. बॅडमिंटनमध्येही तो तितकाच मोठा. भारतानं २०२२ साली इंडोनेशियाला हरवून जिंकलेला थॉमस कप त्याच्याच नावाचा आहे, आणि त्या संघात आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी होता. गेल्या महिन्यातल्या हरण्यावर तू पत्रात दीड पान लिहिलं आहेस. टॉमसचा तो राजा जगातल्या प्रत्येक कोड्यांच्या पुस्तकात शंभर वर्षं जी१वर मरतो आहे, आणि तरी तो माणूस खेळत राहिला. तुझ्या त्या डावाची नोंद वही उघडून एकदा नीट तपास आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज भर.

सोडवण्याची रीत अशी ठेव: पट मांडायचा, पण मोहऱ्यांना हात लावायचा नाही. सगळ्या खेळ्या मातेपर्यंत कागदावर लिहायच्या, काळ्याच्या फाट्यांसह. मगच हलवून बघायचं. मनात शेवटपर्यंत पाहता येत नसेल तर पाच खेळ्यांपर्यंतच बघ, पण त्या पाच पक्क्या असू देत. आणि उत्तर मिळालं म्हणून लगेच पान उलटू नकोस. या डावातही लास्करला आणखी जवळची वाट होती. राजा जी५वर आलेला असताना, चौदाव्या खेळीला, एच-प्याद्याऐवजी एफ-प्यादं दोन घरं पुढे टाकून शह द्यायचा. राजानं ते घेतलं तर जी-प्याद्याचा शह. मग तो एफ३वर गेला की राजाच्या बाजूचं कॅसलिंग करून मात, आणि जी५वर परतला तर एच-प्यादं दोन घरं पुढे टाकून मात. म्हणजे डाव आणखी लवकर संपतो.

पण काळ्यानं ते एफ-प्यादं न घेता राजा एच४वर नेला तर? तिथंही मात आहे, मात्र वाटेत बी७चा काळा उंट, जो आतापर्यंत कुणाच्या खिजगणतीत नव्हता, मधे येऊन उभा राहतो. तो आल्यावर त्याला मारायचा मोह होईल, तो आवर. तसं केलंस तर राजा निसटेल. ही वाट मी तुला सांगत नाही. पट मांड, मोहऱ्यांना हात न लावता शेवटपर्यंत लिहून काढ, आणि दिवाळीच्या सुट्टीत इकडे येण्याआधी मला पाठव.

ताईला नमस्कार सांग, भावजींची तब्येत कळव.

तुझा,
मामा