घरचा संगणक : 'होम' पुरेसे की 'प्रो' हवे?

पेणच्या कार्यशाळांत घडलेल्या गणेशमूर्ती देशात आणि परदेशांतही जातात. रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. मूर्तिकाराच्या मागण्यांची नोंद, कारखान्यातील लेखनिकाचे हिशेब आणि मुलांचा अभ्यास या गोष्टी आता घरच्या संगणकात असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संचालन प्रणालीस सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा बंद झाला. त्यामुळे, आता पैसे भरून 'प्रो' घ्यावे काय, असा प्रश्न कुटुंबप्रमुखास पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत होते. 'विंडोज १०' आणि 'विंडोज ११' या प्रणालीच्या आवृत्त्या होत; 'होम' आणि 'प्रो' या तिच्या श्रेणी होत. सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहणे हे मुख्यतः आवृत्तीवर अवलंबून असते. पात्र संगणकावर 'विंडोज १० होम'वरून 'विंडोज ११ होम'वर विनामूल्य जाता येते. 'होम'वरून 'प्रो'वर जाण्यास मात्र मूल्य पडते. जुन्या आवृत्तीची केवळ श्रेणी वाढविल्याने संगणक सुरक्षित होत नाही.

'विंडोज ११'साठी मान्य प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. 'पीसी हेल्थ चेक' या विनामूल्य साधनाने पात्रता तपासता येते. अपात्र संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्यांची योजना जाहीर झाली. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली हाही एक पर्याय होय.

मग 'प्रो' कोणासाठी? समजा, रोह्याच्या लेखनिकास घरी बसून कार्यालयातील संगणक 'रिमोट डेस्कटॉप'द्वारे चालवावयाचा आहे. येथे 'प्रो' कार्यालयातील संगणकावर असावे लागते. घरी 'होम' असले तरी काम भागते. याउलट, बाहेरून घरचाच संगणक या सोयीने चालवावयाचा असेल, तर घरी 'प्रो' हवे. पेणच्या मूर्तिकारास चिंता असते ती संगणक चोरीस गेल्यास ग्राहकांची माहिती परक्या हाती पडण्याची. 'प्रो'मधील 'बिटलॉकर' ती माहिती कुलूपबंद करते. परंतु अनेक नव्या संगणकांवर 'होम'मध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ही तत्सम सोय असते. ती प्रथम पाहावी. मराठी टंकलेखनासाठी तर 'प्रो'ची मुळीच गरज नाही. 'होम सिंगल लँग्वेज' या श्रेणीतही मराठी कळफलक जोडता येतो.

निर्णयापूर्वी 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' व त्याखालील 'अबाऊट' येथे आपली आवृत्ती आणि श्रेणी पाहावी. नंतर 'होम'मध्ये कोणते काम अडते ते कागदावर लिहावे. कागद कोरा राहिल्यास खर्च करू नये. कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत स्वतंत्र हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी. 'प्रो'वरून 'होम'वर परतावयाचे झाल्यास सामान्यतः प्रणाली नव्याने बसवावी लागते. अत्यल्प दरात मिळणाऱ्या संशयास्पद परवाना-क्रमांकांपासूनही दूर राहावे.

श्रेणी उशिरा वाढविल्याने फारसे बिघडत नाही. गणेशोत्सवाच्या तोंडावर मागण्यांची नोंद नाहीशी झाली, तर मात्र वर्षाचा हंगाम हातचा जातो. म्हणून आधी प्रत, मग आवृत्ती आणि गरज असेल तरच श्रेणी, हा क्रम प्रत्येक कुटुंबाने पाळणे इष्ट होय.